कपात भरली तरी बिल पुन्हा कोरं: कॉलमची नलची सवय कुठे अडते

आधी लक्षण सांगते. दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात काही सभासदांची नक्त रक्कम कोरी छापून येते. शून्य नाही, चुकीचा आकडाही नाही, ती जागाच रिकामी. त्याच सभासदाचे लिटर बरोबर असतात, एकूण रक्कम बरोबर असते, फक्त हातात पडायच्या पैशांच्या रकान्यात काही नसतं. डेटा दुरुस्त केला की बिल नीट येतं आणि महिना-दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे हे मार्चपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, तीनदा झालं. तिन्ही वेळा दिसायला दुखणं एकच होतं, कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. कुणी यातल्या पहिल्याच कारणापाशी थांबलं असेल तर पुढची दोन वाटेत उभी आहेत, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते.

संस्था गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढच्या गावातली. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मापलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बघितलं जातं, त्यावरून दर ठरतो. मी फोंड्यात राहून त्यांचा प्रोग्राम सांभाळते. डेटाबेस मायएसक्यूएल, आठवी आवृत्ती. तुमच्याकडे पोस्टग्रेस, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

मार्चमधली पहिली खेप

नक्त रक्कम काढायचं सूत्र साधं होतं: एकूण रक्कम उणे पशुखाद्याची कपात. ज्यांनी त्या दहा दिवसांत संस्थेकडून पशुखाद्य उचललं होतं त्यांची बिलं ठीक होती. ज्यांनी काहीच उचललं नव्हतं त्यांचीच बिलं कोरी होती. एवढ्यावरून संशय कपातीच्या कॉलमवर गेला आणि तो खरा होता. त्या ओळींमध्ये कपात नल होती.

नल म्हणजे शून्य नाही, रिकामी अक्षरमाळाही नाही. 'इथली किंमत माहीत नाही' अशी ती खूण आहे. माहीत असलेल्या रकमेतून माहीत नसलेली रक्कम वजा केली तर उत्तर माहीत नसलेलंच येणार. डेटाबेस इथे काही चुकत नव्हता. चूक आम्ही त्याला काय सांगितलं नव्हतं त्यात होती.

टेबल बनवताना कपातीच्या कॉलमसमोर फक्त 'डेसिमल(६,२)' (एकूण सहा अंक, त्यातले दोन दशांशाचे) लिहिलं होतं. पुढे काहीही नाही. असं मोकळं सोडलं की एसक्यूएलच्या रिवाजाप्रमाणे दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिली, या कॉलममध्ये नल चालतो. दुसरी, ओळ भरताना या कॉलमचा उल्लेखच केला नाही तर तिथे नल बसतो, कारण डीफॉल्ट दिला नसेल तर डीफॉल्ट नल असतो. मायएसक्यूएलमध्ये 'शो क्रिएट टेबल' चालवून बघा. तुम्ही कधीही न लिहिलेलं 'डीफॉल्ट नल' त्या कॉलमसमोर छापून आलेलं दिसेल. गप्प राहिलेल्या माणसाची संमती धरावी, तशी डेटाबेसने आपली संमती धरलेली असते.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. नल चालतो की नाही हा एक प्रश्न, काही न दिल्यास काय बसवायचं हा दुसरा. आमची पुढची खेप हे दोन प्रश्न एकच धरल्यामुळे झाली.

दुरुस्ती करताना पहिल्या तासाभरात मी एक वेळखाऊ चूक केली, तीही लिहून ठेवते. नल असलेल्या ओळी मोजायला मी 'कपात = नल' अशी अट घातली. उत्तर आलं शून्य ओळी. म्हणजे नल नाहीतच असं समजून मी अर्धा तास बिल छापणाऱ्या कोडमध्ये शोधत बसले. नलशी केलेली कोणतीही बरोबरी खरी ठरत नाही, खोटीही ठरत नाही. ती 'अज्ञात' ठरते, आणि ओळी निवडायची अट लावणारा 'व्हेअर' फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे सोडतो. लिहायचं असतं 'कपात इज नल'. तसं लिहिल्यावर सगळ्या ओळी समोर आल्या.

त्या ओळींत शून्य भरलं, कॉलमला 'डीफॉल्ट ०' लावला आणि सेक्रेटरींना कळवलं की झालं. डीफॉल्ट लावल्याने जुन्या ओळी आपोआप सुधारत नाहीत, त्या वेगळ्या 'अपडेट'ने भरायच्या असतात. मी दोन्ही केलं होतं, म्हणून निश्चिंत होते.

मे महिन्यात परत

मेच्या दुसऱ्या बिलात पुन्हा काही जागा कोऱ्या. डीफॉल्ट जागेवर होता, शून्यच होता. तरी नव्या ओळींत नल.

कारण असं: डीफॉल्ट तेव्हाच कामाला येतो जेव्हा 'इन्सर्ट'मध्ये, म्हणजे नवी ओळ भरायच्या आज्ञेत, त्या कॉलमचं नावच नसतं, किंवा तिथे मुद्दाम 'डीफॉल्ट' हा शब्द लिहिलेला असतो. तुम्ही कॉलमचं नाव घेऊन स्पष्टपणे नल दिलात, तर डेटाबेस म्हणतो की यांनी विचार करून नल दिला आहे, आणि तो तसाच ठेवतो. एप्रिलमध्ये आम्ही भरायचा फॉर्म बदलला होता. जुना फॉर्म कपातीची चौकट रिकामी असली की तो कॉलम 'इन्सर्ट'मधून वगळायचा. नवा फॉर्म सगळे कॉलम दर वेळी पाठवतो आणि रिकाम्या चौकटीचं नल करून पाठवतो. डीफॉल्टला बोलायची संधीच उरली नाही.

हा सापळा हाताने लिहिलेल्या कोडपुरता नाही. जावामधल्या वस्तू डेटाबेसमध्ये साठवून देणारं हायबरनेट नेहमीच्या रीतीने चालवलं तर ते 'इन्सर्ट'मध्ये त्या वस्तूचे सगळे कॉलम घालतं आणि ज्यांना किंमत दिलेली नाही त्यांच्या जागी नल पाठवतं. डेटाबेसमध्ये तुम्ही कितीही काळजीने डीफॉल्ट लावा, तो वापरलाच जात नाही. त्यावर 'डायनॅमिक इन्सर्ट' अशी सोय आहे, नाहीतर वस्तू तयार होतानाच कोडमध्ये शून्य भरून ठेवावं. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण तो वाचणाऱ्याला दिसतो.

ओरॅकलने १२ सी आवृत्तीत, २०१३ साली, 'डीफॉल्ट ऑन नल' आणलं. त्यात स्पष्टपणे नल पाठवला तरी डीफॉल्टच बसतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये असं थेट काही नाही. तिथे नल अडवायचा असेल तर 'नॉट नल' म्हणावंच लागतं. म्हणून मे महिन्यात कॉलम असा केला:

अल्टर टेबल बिल मॉडिफाय कपात डेसिमल(६,२) नॉट नल डीफॉल्ट ०

त्याआधी उरलेले नल भरून घेतले, कारण ते तसेच असताना 'नॉट नल' लावायला गेलं की स्ट्रिक्ट मोडमध्ये (न चालणारी किंमत गुपचूप बदलून न घेता चूक दाखवायची सेटिंग) मायएसक्यूएल नकार देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म भरताना 'कॉलम कपात कॅनॉट बी नल' अशी चूक आली आणि काउंटरवरची मुलगी घाबरून फोनवर आली. मी तिला म्हटलं, "बाय, ही चूक दिसली हेच चांगलं झालं, चौकटीत शून्य टाक आणि पुढे जा, दुपारपर्यंत फॉर्म सुधारते." मुद्दाम लिहितेय, कारण नॉट नल लावल्यावर पहिले दोन दिवस अशा चुका येणारच, आणि त्या पाहून पुष्कळ जण नॉट नल काढून टाकतात. त्या चुका म्हणजे आतापर्यंत गुपचूप आत शिरणाऱ्या नलांची यादी आहे. एकेक सोडवा.

इथे मायएसक्यूएलची एक जुनी खोड माहीत असायला हवी. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर नॉट नल कॉलमला नल देऊन केलेला 'अपडेट' अडत नाही, तो आकड्याच्या कॉलममध्ये शून्य आणि अक्षरांच्या कॉलममध्ये रिकामी अक्षरमाळा गुपचूप बसवतो. एका ओळीचा 'इन्सर्ट' अडतो, अनेक ओळींचा एकत्र 'इन्सर्ट' अडत नाही. ५.७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, पण जुन्या सर्व्हरवरून सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलून आणली असेल तर तो बंद राहिलेला असू शकतो. 'सिलेक्ट @@एसक्यूएल_मोड' चालवून एकदा बघून घ्या.

मध्येच पावसात निघालेली, कोऱ्या बिलापेक्षा वाईट गोष्ट

जुलै. सत्तरीत पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो. एका सकाळी लाईट नव्हती, फॅटचं यंत्र बंद, दूध मात्र थांबत नाही. माप घेऊन दूध कॅनमध्ये ओतलं, फॅटची चौकट रिकामी ठेवली. फॅट नल, म्हणून दर नल, म्हणून दुधाच्या त्या खेपेची रक्कम नल.

बिल मात्र या वेळी कोरं आलं नाही. बिल छान आकड्यासह आलं, आणि तो आकडा कमी होता.

हे पकडलं एका काकीने. ती दर खेपेला वहीत एक रेघ ओढते. संस्थेत मी होते त्या दिवशी ती बिल घेऊन आली आणि म्हणाली, "बाय, माझ्या वहीत वीस खेपा, तुझ्या कागदावर पण वीस खेपा. लिटर पण जुळतात. मग पैसे एकोणीस खेपांचेच कसे?" मी तिथेच बसून बेरीज केली. तिचं बरोबर होतं. त्या बिनालाईटच्या सकाळच्या साडेचार लिटरचे पैसे बिलात नव्हते.

दोन आकड्यांच्या वजाबाकीत एक नल असला तर उत्तर नल येतं, हे मार्चमध्ये बघितलं. पण 'सम' हे एकत्रित फंक्शन ओळींमधले नल वगळून उरलेल्यांची बेरीज देतं. म्हणजे एकाच ओळीत आडवी बेरीज केली तर नल सगळं गिळतो, आणि ओळींची उभी बेरीज केली तर नल स्वतःच गळून पडतो. पहिली चूक डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही, आणि ती गरीब माणसाच्या खिशातून जाते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत गंभीर गोष्ट होती. काकीने वही ठेवली नसती तर आम्हाला कळलंच नसतं. त्या सकाळी दूध घातलेल्या प्रत्येक सभासदाचं बिल तेवढ्याने कमी होतं. आम्ही त्याच आठवड्यात सगळ्यांना फरक दिला.

पकडायचा उपाय सोपा आहे. 'काउंट(*)' सगळ्या ओळी मोजतो, 'काउंट(रक्कम)' फक्त रक्कम असलेल्या ओळी मोजतो. कागदावर वीस खेपा पहिल्या मोजणीतून छापल्या गेल्या होत्या आणि पैसे दुसऱ्या हिशेबातून आले होते. आता बिल छापण्याआधी दोन्ही आकडे प्रत्येक सभासदासाठी ताडून बघतो. फरक निघाला तर ते बिल छापलंच जात नाही, सेक्रेटरींच्या यादीत जातं. 'ॲव्हरेज'चंही तेच: तो नल वगळतो आणि भागाकारही उरलेल्या ओळींनीच करतो. वीस खेपांची सरासरी म्हणून जे छापतो ती प्रत्यक्षात एकोणीसचीच असू शकते.

मग फॅटलाही 'नॉट नल डीफॉल्ट ०' लावायचं का? संस्थेतल्या एकाने तेच सुचवलं, आणि मी ठाम नाही म्हटलं. कपात आणि फॅट यांच्यातला फरक इथे आहे. ज्याने पशुखाद्य घेतलं नाही त्याची कपात खरोखर शून्य आहे. ती माहीत आहे. पण लाईट नसताना आलेल्या दुधाचं फॅट शून्य नसतं. ते होतं, फक्त मोजलं गेलं नाही. तिथे शून्य टाकलं तर आपण डेटाबेसमध्ये खोटं लिहून ठेवतो, आणि दराच्या तक्त्यात शून्य फॅटला दरच नसल्यामुळे पैसे तरीही मिळत नाहीत. शिवाय त्या सभासदाची सरासरी खाली येते.

नल या कल्पनेचा उगमच या गरजेतून आहे. रिलेशनल डेटाबेसची मांडणी १९७० साली करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ साली आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले. त्यातला तिसरा नियम नलबद्दलच आहे: नसलेली माहिती दाखवायला शून्य किंवा रिकाम्या अक्षरमाळेहून वेगळी, सर्व प्रकारच्या कॉलमना सारखी लागू होणारी खूण हवी. पुढे १९९० साली त्यांनी एका खुणेऐवजी दोन असाव्यात असं सुचवलं, एक 'आहे पण माहीत नाही' यासाठी आणि दुसरी 'लागूच नाही' यासाठी. एसक्यूएलमध्ये ते आलं नाही, आजही एकच नल दोन्ही ओझी वाहतो. लाईट नव्हती म्हणून राहिलेलं फॅट पहिल्या प्रकारातलं. बँकेत खातंच नसलेल्या सभासदाचा खाते क्रमांक दुसऱ्या. दोन्ही नल म्हणूनच साठतात, आणि कोणता कशामुळे हे सांगायला आपल्यालाच शेजारी एक कॉलम ठेवावा लागतो.

आम्ही तसंच केलं. फॅटच्या शेजारी 'फॅट_स्थिती' हा नॉट नल कॉलम जोडला. त्यात 'मोजलं', 'राहिलं' किंवा 'सरासरी' यापैकी एक लिहायचंच. राहिलं असेल तर मागच्या तीन खेपांची सरासरी धरायची असं कमिटीने ठरवलं. धरल्यावर स्थिती 'सरासरी' होते आणि बिलावर त्या खेपेसमोर तसं छापलं जातं.

या दोन कॉलमची सांगड 'चेक' अटीने (ओळ आत घ्यायची की नाही ते ठरवणारी अट) घालताना एक काळजी घ्या. माझी पहिली अट होती 'फॅट > ०'. ती नलला मुळीच अडवत नाही. 'व्हेअर' अज्ञात उत्तराला बाहेर ठेवतो, पण 'चेक' अज्ञात उत्तराला आत येऊ देतो. तो फक्त खोट्या ठरलेल्या ओळी अडवतो. त्यामुळे नल नको असेल तर ते वेगळं लिहावं लागतं. आमची अट आता अशी आहे: फॅट_स्थिती = 'राहिलं' किंवा फॅट इज नॉट नल. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी आवृत्ती बघावी. ८.०.१६ च्या आधी तो चेक अटी निमूट वाचायचा आणि पाळायचा नाही.

चवथीच्या आधीची तिसरी खेप

चवथीच्या आधीच्या बिलाचं महत्त्व गोव्यात कुणाला सांगायला नको. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं सामान, घरी येणारी माणसं, सगळं त्या पैशांवर असतं. आणि नेमक्या त्याच बिलात कपातीच्या नलने पुन्हा डोकं वर काढलं. नॉट नल लावलेल्या कॉलममध्ये नल.

मी 'शो क्रिएट टेबल' चालवलं आणि नॉट नल तिथे नव्हतंच. डीफॉल्ट शून्यही नव्हता. पुन्हा तेच 'डीफॉल्ट नल'.

काय झालं होतं: चवथीसाठी संस्था सभासदांना उचल देते, आणि यंदा ती उचल याच कपातीत धरायचं ठरलं. डेसिमल(६,२) मध्ये ९९९९.९९ पर्यंतच मावतं. म्हणून माझ्या सहकाऱ्याने कॉलम मोठा केला:

अल्टर टेबल बिल मॉडिफाय कपात डेसिमल(८,२)

मायएसक्यूएलच्या 'मॉडिफाय'चा अर्थ 'एवढंच बदल' असा नसतो. कॉलमची पूर्ण व्याख्या नव्याने दिली असा त्याचा अर्थ घेतला जातो. जे पुन्हा लिहिलं नाही ते गेलं: नॉट नल गेलं, डीफॉल्ट गेला, कॉलमवरची टिप्पणी असेल तर तीही जाते. चूक येत नाही, सूचना येत नाही. आणि जुनी सवय परत, काही लिहिलं नाही म्हणजे नल चालतो. उचल भरायचा नवा पडदा त्याच सुमाराला आला होता, आणि त्यातली रिकामी चौकट नल होऊन आत येत होती. सहकाऱ्याचा मी यात दोष धरत नाही. वाक्य वाचताना कुणालाही वाटेल की फक्त आकार बदलतोय.

मायएसक्यूएलमध्ये कॉलम बदलताना आधी 'शो क्रिएट टेबल'मधली त्या कॉलमची पूर्ण ओळ उचला आणि तिच्यातच बदल करा. फक्त डीफॉल्ट बदलायचा असेल तर 'अल्टर कॉलम ... सेट डीफॉल्ट' वापरा, ते बाकी कशाला हात लावत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही हाच धोका आहे: 'अल्टर कॉलम' करताना नॉट नल पुन्हा लिहिलं नाही तर कॉलम नल घेणारा होऊन बसू शकतो. पोस्टग्रेसमध्ये 'अल्टर कॉलम ... टाइप' फक्त प्रकार बदलतो, नॉट नलला धक्का लावत नाही. तिथे ती दोन वेगळी वाक्यं आहेत आणि मला ती रचना जास्त प्रामाणिक वाटते. मात्र पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट' करून टेबलाची प्रत काढली तर नॉट नल प्रतीत येत नाही. जुन्या वर्षाचा डेटा असा वेगळा काढणाऱ्यांनी हे तपासावं.

दुसरीकडे काय चालतं

टेबल बनवताना काहीच न लिहिल्यास नल चालतो, हा नियम पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूलाइट सगळ्यांत आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते जोडणीच्या आणि डेटाबेसच्या सेटिंगवर ठरतं. नेहमीचे ओडीबीसी ड्रायव्हर जोडताना 'नल चालतो' हेच चालू करतात, म्हणून फरक जाणवत नाही. पण त्याच कुळातल्या सायबेसमध्ये मुळातली सवय उलटी, नॉट नल. क्लिकहाउसमध्येही नल हवा असेल तर मागून घ्यावा लागतो. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर टेबलं हलवताना हे मौन वेगळ्या अर्थाने वाचलं जातं. म्हणून मी आता प्रत्येक कॉलमसमोर 'नल' किंवा 'नॉट नल' लिहितेच, गरज नसली तरी.

प्रायमरी की (ओळ ओळखायचा कॉलम) म्हटलं की नॉट नल आलंच, असं धरून चालायला हरकत नाही, अपवाद एसक्यूलाइटचा. तिथे पूर्णांक नसलेल्या प्रायमरी कीमध्ये नल शिरू शकतो. ती सुरुवातीच्या काळातली चूक होती, आणि जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तशीच ठेवली आहे. 'युनिक', म्हणजे तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट, तिचं वेगळं: मोबाइल क्रमांकाचा कॉलम युनिक असला तरी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट त्यात कितीही नल घेतात, एसक्यूएल सर्व्हर एकच घेतो. आणि ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाळा हीच नल धरली जाते, हे विसरलात तर 'नॉट नल' कॉलमला रिकामी चौकट का चालत नाही हे शोधण्यात दिवस जाईल.

पत्त्याच्या चिठ्ठ्यांवरही हेच झालं होतं, तेही थोडक्यात सांगून टाकते. आपल्याकडे पत्त्यात वाडा असतो; पण सगळ्यांनी तो लिहिलेला नसतो. घर क्रमांक, वाडा आणि गाव मायएसक्यूएलच्या 'कॉनकॅट'ने जोडले की वाडा नल असलेल्या सभासदाचा अख्खा पत्ता नल. 'कॉनकॅट_डब्ल्यूएस' नल वगळून बाकीचे जोडतं. वाड्याच्या कॉलममध्ये नल राहू देणंच बरोबर होतं, म्हणून तिथे कॉलम बदलला नाही, क्वेरी बदलली.

आता काय चालू आहे

तीन खेपांनंतर डेटा दुरुस्त करणं बंद केलं आणि कॉलमवरच पहारा ठेवला. 'इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स' या टेबलात प्रत्येक कॉलमसाठी 'इज_नलेबल' आणि 'कॉलम_डीफॉल्ट' मिळतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्येही ते आहे. आमच्याकडे एक छोटी फाइल आहे, तिच्यात नल चालणाऱ्या कॉलमची नावं आणि प्रत्येकासमोर एका ओळीत कारण. रोज रात्री, आणि टेबलात बदल केल्यावर लगेच, एक क्वेरी चालते. फाइलमध्ये नसलेला कॉलम नल घेताना दिसला की मला आणि सहकाऱ्याला निरोप येतो. याने फक्त कॉलमची परवानगी कळते. दोन टेबलं जोडणाऱ्या 'लेफ्ट जॉईन'मध्ये जोडी न मिळाल्याने उगवणारे नल यात दिसत नाहीत. नॉट नल कॉलमसुद्धा जॉईनच्या निकालात नल दाखवू शकतो. त्यासाठी बिलाच्या क्वेरीत, आणि फक्त तिथेच, नलच्या जागी शून्य देणारं 'कोअलेस(कपात, ०)' ठेवलं आहे. सगळीकडे कोअलेस पेरत बसलो असतो तर काकीच्या साडेचार लिटरसारखे नलही त्याने झाकले असते.

मागच्या आठवड्यात रात्री पहिला खरा निरोप आला. सहकाऱ्याने सभासदांच्या टेबलात बँकेचा आयएफएससी कोड जोडला होता आणि पुढे काही लिहिलं नव्हतं. सकाळी सेक्रेटरींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "अगो, नऊ जण अजून रोखच घेतात, त्यांचा कोड कुठून आणायचा?" म्हणजे इथे नल बरोबर. कॉलमसमोर 'नल' असं लिहून टाकलं, फाइलमध्ये नाव चढवलं आणि कारणाच्या जागी लिहिलं: रोख घेणारे सभासद.